तोम यम : शेवटचं लिंबू किती पिळायचं?

तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानमालेत सूप कुठून आलं, असा प्रश्न विषय वाचून काहींना पडला असेल. आम्ही तत्त्वज्ञान शिकवणारी माणसं वर्षानुवर्षं टेबल, खुर्ची आणि दोरीला साप समजणं एवढ्याच उदाहरणांवर जगत आलो. एखादी वस्तू 'तीच' आहे हे कशावरून म्हणायचं, चवीबद्दल वाद घालता येतो का, आणि एखादी गोष्ट 'येणं' म्हणजे नेमकं काय, हे तीन जुने प्रश्न आज आपण थायलंडच्या एका आंबट-तिखट रश्शाच्या आधाराने पाहणार आहोत. ओघात तो करायचा कसा, हेही सांगणार आहोत. घरी जाऊन कुणी करून पाहिला, तर व्याख्यानाचं निम्मं काम झालं असं समजू.

पदार्थाचं नाव तोम यम. आपल्याकडच्या मेनूकार्डांवर 'टॉम यम' लिहितात, पण थाई उच्चाराला 'तोम यम' जास्त जवळचं आहे. 'तोम' म्हणजे उकळणं. 'यम' म्हणजे मिसळणं, कालवणं. लिंबू, मिरची आणि खारट घालून कालवलेल्या आंबट-तिखट कोशिंबिरीच्या प्रकारालाही थाईमध्ये 'यम' म्हणतात. आता गंमत बघा. बटाटेवडा म्हटलं की बटाटा आला, कोथिंबीरवडी म्हटलं की कोथिंबीर आली. 'तोम यम' या नावात मात्र एकही जिन्नस नाही, आहेत त्या दोन क्रिया: उकळा आणि कालवा. काय उकळायचं, ते पुढे जोडतात. कोळंबी घातली तर तोम यम कुंग, मासा घातला तर तोम यम प्ला, कोंबडी घातली तर तोम यम काय, अळंबी घातली तर तोम यम हेत. नावातली ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी ती कामाला येणार आहे.

पदार्थ कुठला, आणि किती आतला

तोम यम कुंग हा मध्य थायलंडच्या सखल, नद्या-कालव्यांच्या भातपट्ट्यातला पदार्थ. नदीत गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी, परसात गवती चहा आणि लिंबाचं झाड, घरात भात. जे हाताशी होतं त्यातून हा रस्सा तयार झाला. डिसेंबर 2024 मध्ये पॅराग्वेतल्या असुन्सिओन इथे झालेल्या बैठकीत युनेस्कोने तोम यम कुंगचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. 'अमूर्त' हा शब्द नीट ऐका. वाटीतला रस्सा तर चांगला मूर्त असतो, जीभ पोळते त्याने! मग अमूर्त काय? तो करण्याची रीत, त्यामागचं ज्ञान, आणि ते एका पिढीकडून दुसरीकडे जाणं. यादीत नाव गेलं ते या जाणकारीचं.

हा पदार्थ थाई माणसाच्या किती आत आहे, याचा आणखी एक पुरावा. 2 जुलै 1997 रोजी थायलंडने आपलं चलन, बात, डॉलरच्या बंधनातून मोकळं सोडलं. तोवर साधारण 25 बातला एक डॉलर मिळत असे. पुढच्या काही महिन्यांत त्याला 50 पेक्षा जास्त बात मोजावे लागले. बँका आणि वित्तसंस्था कोसळल्या, आणि ते संकट आशियाभर पसरलं. जग त्याला आशियाई आर्थिक संकट म्हणतं. थायलंडमध्ये त्याचं नाव 'तोम यम कुंग संकट'. स्वतःच्या सर्वांत मोठ्या आर्थिक पडझडीला ज्या लोकांनी आपल्या आवडत्या रश्शाचं नाव दिलं, त्यांच्या जगण्यात तो रस्सा किती मुरलेला असेल, याचा अंदाज यावा.

चव म्हणजे नेमकं काय लागतं

आपल्या परंपरेत सहा रस सांगितले आहेत: मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त, कषाय. इथे मराठी माणसाची हमखास फसगत होते. संस्कृतात 'कटु' म्हणजे तिखट आणि 'तिक्त' म्हणजे कडू. मराठीत येता येता 'कटु'चं 'कडू' झालं आणि अर्थही बदलला. तोम यममध्ये अम्ल, लवण आणि संस्कृतातला कटु हे तीन रस पुढे असतात. गोडवा मागे, कोळंबीच्या अंगचा.

आंबटपणा लिंबाचा. थाई 'मनाव' हे आपल्या कागदी लिंबाच्याच जातीचं. खारटपणा 'नाम प्ला'चा. लहान मासे मिठात घालून महिनोन्‌महिने मुरवले की जो तपकिरी द्रव सुटतो, तो नाम प्ला. त्यात मीठ असतंच, शिवाय जिभेवर भरून राहणारी एक खोल चव असते. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये या चवीला 'उमामी' हे नाव दिलं.

आणि तिखट? आधुनिक शरीरशास्त्राच्या हिशेबात तिखट ही चव नाहीच. मिरचीतलं कॅप्सेसिन आपल्या मज्जातंतूंच्या टोकांवरच्या एका ग्राहीला जाऊन चिकटतं. ही ग्राही एरवी साधारण 43 अंश सेल्सियसच्या वर तापमान गेलं की जागी होते. म्हणजे मिरची मेंदूला सांगते, 'तोंड भाजलं!' प्रत्यक्षात काही भाजलेलं नसतं. 1997 मध्ये ही ग्राही ओळखण्याचं काम डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत झालं, आणि 2021 च्या नोबेल पारितोषिकात त्या कामाची दखल घेतली गेली. थोडक्यात, गरम गरम तोम यमचा घोट घेतो तेव्हा आपण एकाच वेळी खरं आणि खोटं असं दोन्ही भाजणं अनुभवतो. वेदना आहे, पण आपण तिला आनंदाने पुन्हा बोलावतो. ही वेदना निरुपद्रवी आहे हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून हे जमतं.

मिरची थायलंडची मूळची नाही, आपलीही नाही. ती अमेरिका खंडातली. आशियात ती सोळाव्या शतकात आली, मुख्यतः पोर्तुगीजांच्या व्यापारी वाटांनी. गोवा त्यांनी 1510 मध्ये घेतलं, आणि 1511 मध्ये त्यांचा दूत अयुथयाच्या दरबारात पोचला. एकाच समुद्री साम्राज्याची दोन टोकं. दोन्हीकडच्या भाषांनी काय केलं ते मोठं मजेदार आहे. आपल्याकडे तिखटासाठी 'मिरी' होती, तिच्यावरून नव्या पाहुणीचं नाव 'मिरची' पडलं. थाईमध्ये मिरीला 'फ्रिक' म्हणत. ते नाव मिरचीने बळकावलं, आणि बिचाऱ्या जुन्या मिरीला आपली ओळख सांगण्यासाठी 'फ्रिक थाय', म्हणजे 'थाई फ्रिक' व्हावं लागलं! आज ज्या मिरचीशिवाय तोम यमची कल्पना करवत नाही, ती त्या मातीत परकी होती. 'अस्सल' हा शब्द वापरताना एवढं भान ठेवलेलं बरं.

करायचा कसा, आणि त्या क्रमाने का

आता स्वयंपाकघरात जाऊ. चार माणसांसाठी डोक्यासकट अर्धा किलो कोळंबी घ्या. डोकी आणि सालं काढा, काळा दोरा काढा. डोकी फेकायची नाहीत. त्यांच्यात जो नारिंगी मऊ भाग असतो, त्यातच रश्शाचा रंग आणि गोडी असते. चमचाभर तेलात डोकी आणि सालं दोन-तीन मिनिटं परता, सवा लिटर पाणी घाला, पंधरा-वीस मिनिटं मंद उकळा आणि गाळून घ्या.

मग तीन सुगंधी गोष्टी. पहिली गवती चहा, पण आपण चहात टाकतो ती पाती नव्हे. खालचा पांढरट, जाड बुंधा हवा. तीन बुंधे बत्त्याने ठेचून दोन-दोन इंचांचे तुकडे करा. दुसरी 'खा', म्हणजे आपल्या काष्ठौषधांच्या दुकानात मिळणाऱ्या कुळिंजनाचा ताजा कंद. गाणारी मंडळी घशासाठी वाळलेलं कुळिंजन तोंडात धरतात, ते हेच. ताज्या कंदाच्या सात-आठ पातळ चकत्या पुरेत. आलं दिसतं तसंच, पण त्याचा वास वेगळा, अधिक उग्र आणि काहीसा औषधी. तिसरी मक्रूत लिंबाची पानं. एकापुढे एक दोन पानं जोडावीत तसं हे पान दिसतं. पाच-सहा पानं मधली शीर काढून हाताने फाडा. पान फाडल्याशिवाय त्यातलं तेल मोकळं होत नाही.

गाळलेल्या पाण्यात हे तिन्ही घालून पाच मिनिटं उकळा. इथे एक शास्त्रीय मौज आहे. गवती चहात सिट्रल असतं, मक्रूतच्या पानात सिट्रोनेलाल. दोन्हींचा वास लिंबाच्या कुळातला. म्हणजे लिंबाचा एक थेंबही न पडता पातेल्यात लिंबाचा दरवळ आलेला असतो. रस्सा नाकाला आधीच आंबट लागतो, जिभेला अजून नाही.

यानंतर दोनशे ग्रॅम अळंबी, दोन मिनिटं. मग दोन मोठे चमचे नाम प्ला. मग कोळंबी. ती वळून गुलाबी झाली की बस, एक-दोन मिनिटांचं काम. जास्त ठेवली की रबर झालीच म्हणून समजा. आता गॅस बंद करा. बंद केल्यावरच मिरची आणि लिंबू. सहा-आठ लहान मिरच्या नुसत्या ठेचून. थाई मिरचीचं नावच 'उंदराच्या लेंडीएवढी मिरची' असं आहे. ती नसेल तर आपली लवंगी चालेल. तीन-चार मोठे चमचे लिंबाचा रस. वरून कोथिंबीर.

लिंबू शेवटी आणि विस्तवावरून उतरवून का? कारण ताज्या रसाचा सुगंध उडून जाणारा असतो. रस उकळला की आंबटपणा राहतो, पण वास जातो आणि चव बोथट, किंचित कडवट होते. पोह्यांवर लिंबू वरून पिळणाऱ्या घराला हे वेगळं सांगायला नको. तोम यममध्ये मात्र ती वरची सजावट नाही. आधीची वीस मिनिटं म्हणजे 'तोम'. गॅस बंद केल्यानंतरचं मिनिट म्हणजे 'यम'. नावातल्या दोन्ही क्रिया झाल्या तेव्हा पदार्थ झाला.

चव कोणी ठरवायची

आता मूळ प्रश्नाकडे. आम्ही 'तीन-चार मोठे चमचे रस' म्हणालो. तीन की चार? एक लिंबू रसाने भरलेलं असतं, दुसरं कोरडं ठणठणीत. एक आंबटढाण, दुसरं मवाळ. एका बाटलीतला नाम प्ला दुसरीपेक्षा खारट. कोळंबी कधी गोड, कधी फिकी. त्यामुळे शेवटचं लिंबू किती पिळायचं, हे कागद सांगू शकत नाही. मराठी पाककृतीत आपण 'चवीपुरतं मीठ' लिहितो आणि पुढे जातो. पण त्या दोन शब्दांत लिहिणाऱ्याने हात जोडून सांगितलेलं असतं की इथून पुढे आमचं काम संपलं, आता तुमची जीभ.

2014 मध्ये थायलंडमध्ये एक यंत्र पुढे आलं. परदेशातल्या थाई उपाहारगृहांत थाई म्हणून काहीही खपवलं जातं, ही तक्रार जुनी होती. म्हणून तिथल्या सरकारी नवोन्मेष संस्थेच्या पैशातून चव आणि वास संवेदकांनी मोजणारं यंत्र तयार झालं. नमुना ठेवायचा, आणि यंत्र तो प्रमाण चवीशी ताडून गुण देणार. तोम यमही त्यात होता. हसण्यावारी नेऊ नका, तक्रार खरी होती. पण तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने विचारावं, की ज्याच्याशी ताडायचं ती प्रमाण चव आली कुठून? ती माणसांनी चाखूनच ठरवली. यंत्र जिभेच्या जागी आलेलं नाही; एका दिवशी काही जिभांनी दिलेला निकाल ते जपून ठेवतं आणि पुन्हा पुन्हा वाचून दाखवतं.

मग चव ही ज्याची त्याची, वादच नको, असं म्हणायचं का? तेही नाही. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने 1757 मध्ये रुचीच्या निकषावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात 'डॉन किहोते' या कादंबरीतून घेतलेली एक गोष्ट आहे. सांचोच्या दोन नातेवाइकांना पिंपातल्या वाइनबद्दल मत विचारलं. एक म्हणाला, छान आहे, पण किंचित चामड्याची चव आहे. दुसरा म्हणाला, छान आहे, पण लोखंडाची चव आहे. लोक दोघांनाही हसले. पिंप रिकामं झालं तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली लोखंडी किल्ली सापडली. ह्यूमचा मुद्दा असा की जाणकार जीभ मनचे खेळ खेळत नाही. जे खरोखर आहे पण इतरांना लागत नाही, ते ती पकडते. आणि अशी जीभ सरावाने, तुलना करत करत घडते.

याच्या जोडीला गिल्बर्ट राईल. 1949 च्या 'द कन्सेप्ट ऑफ माइंड' या ग्रंथात त्यांनी 'अमुक आहे हे माहीत असणं' आणि 'अमुक करता येणं' यांत फरक केला. आधी मनात नियम म्हणायचा आणि मग त्याप्रमाणे वागायचं, असं प्रत्येक शहाणपणाच्या कृतीचं असेल, तर नियम नीट म्हणणं हीसुद्धा कृतीच. तिच्यासाठी आणखी एक नियम लागेल, आणि हा जिना संपणारच नाही. कुठेतरी नियमाशिवाय करता यावं लागतं. तोम यममध्ये ती जागा आपल्याला बोट ठेवून दाखवता येते: गॅस बंद झाल्यानंतरचं ते मिनिट.

आता अस्सलतेचं कोडं सोडवू. तोम यमचे आज दोन मुख्य प्रकार आहेत. 'नाम साय', म्हणजे नितळ रश्शाचा, आणि 'नाम खोन', म्हणजे दाटसर. त्यात भाजक्या मिरचीचं वाटण आणि बरेचदा डब्यातलं बिनसाखरेचं आटीव दूध. डब्यातलं दूध काही पूर्वजांनी दिलेलं नाही. तरी थायलंडमध्ये तो तोम यमच, कारण उकळणं आणि शेवटी कालवणं दोन्ही तिथे आहे, आणि आंबट-खारट-तिखटाचा तोल चाखून साधलेला आहे. अळंबीचा शाकाहारी प्रकारही नावानिशी तोम यम. नाम प्लाऐवजी सोया सॉस किंवा मीठ घाला, लिंबू-मिरचीचा तोल तेवढा नव्याने पाहा. उलट कॉर्नफ्लोअरने घट्ट केलेलं, साखर घातलेलं, लिंबू आधीच उकळून टाकलेलं जे लाल सूप जेवणाआधी वाटीतून येतं, त्यात जिन्नस सगळे बरोबर असले तरी पदार्थ हरवलेला असतो. जिन्नस बदलले तरी रीत टिकते. रीत गेली की जिन्नस नुसते जिन्नस उरतात. म्हणूनच 'अमूर्त वारसा' हा शब्द नेमका आहे, आणि म्हणूनच काळजीही आहे. यादी, यंत्र आणि पाकीट यांत प्रमाण चव जपता येते, पण चाखून ठरवणारी माणसं तिथे तयार होत नाहीत. ती चुलीपाशीच तयार होतात, कुणाच्या तरी शेजारी उभं राहून.

खायचा कसा

दोन शब्द खाण्याबद्दल. थाई जेवणात हा रस्सा आधी एकटा येत नाही. भात, भाजी, मासा, सगळं एकदम मध्ये मांडतात, आणि प्रत्येक जण आपल्या ताटातल्या भाताबरोबर थोडं थोडं घेतो. भात इथे महत्त्वाचा आहे. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून तोंड भाजलं की पाणी पिऊन उपयोग होत नाही. भाताचा घास बरा. गवती चहाचे तुकडे, कुळिंजनाच्या चकत्या, पानं हे चावायचं नसतं, बाजूला काढायचं. त्यांचं काम रश्श्यात होऊन गेलेलं असतं.

शेवटी एक गृहपाठ. पुढच्या वेळी रस्सा कराल तेव्हा लिंबू घालण्याआधी दोन लहान वाट्या बाजूला काढा. एकीत चमचाभर रस घालून ती मिनिटभर उकळा. दुसरीत तेवढाच रस उतरवल्यावर घाला. दोन्ही थोड्या निवू द्या, कारण कढत असताना जिभेला चव नीट लागत नाही. मग डोळे मिटून चाखा, आणि घरातल्या सगळ्यात लहान माणसालाही चाखायला द्या. फरक कोणता, हे आधी कुणी कुणाला सांगायचं नाही. त्यानंतर मोठ्या पातेल्यात किती लिंबू हवं, ते त्या लहान माणसालाच ठरवू द्या. पुढच्या व्याख्यानाला येताना काय झालं ते सांगा.